फुकट खेळातली खुर्ची

बोलणारी मी एक खुर्ची आहे. बंगळूरच्या राजाजीनगरातल्या हेमकूट टॉकीजमध्ये तिसऱ्या रांगेत, मधल्या वाटेकडून पहिली. पाठीवर माझा नंबर पांढऱ्या रंगात लिहिलेला होता, त्यातला आता अर्धाच उरला आहे. माझ्याजवळ सांगण्यासारखं फार काही नाही. पंधरा वर्षं मी पडद्याकडे तोंड करून होते. इतकी वर्षं एकाच दिशेला बघत राहिलं की बघितलेल्याचं काही वाटेनासं होतं. तुम्ही म्हणाल, लाकडाला मुळात वाटायचं काय? बरोबर आहे. पण माणसांचंही असं होतं, आणि ते मी फार जवळून बघितलं, म्हणून बोलते आहे.

माझा जन्म त्रेपन्न सालचा. चिक्कपेठेच्या मागच्या बाजूला विठोजी नावाच्या सुतारांचं दुकान होतं. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडं आलेलं आणि इकडचंच होऊन गेलेलं. ते घरात मराठी बोलत, गिऱ्हाइकाशी कन्नड, आणि रंधा मारताना लाकडाशी दोन्ही. मी जी काही भाषा शिकले ती त्या रंध्याखाली.

मी होन्नेच्या लाकडाची. मराठी मुलखात त्याला बिबळा म्हणतात. हे लाकूड दणकट, पण भिजलं की लालसर रंग सोडतं. विठोजींना त्याची धास्ती होती. सिनेमाला बायका चांगली पातळं नेसून येणार, कुणाच्या हातून सोडा सांडणार, पातळाला डाग पडणार आणि नाव सुताराचं निघणार. म्हणून त्यांनी आम्हाला व्हार्निशचे तीन हात दिले. शिवाय प्रत्येक खुर्ची हातावेगळी झाली की ते स्वतः तिच्यावर बराच वेळ बसून बघत. आपण बसलोय हे विसरायला झालं की खुर्ची जमली, असं त्यांचं म्हणणं. माझ्यावर ते चक्क पेंगले, तेव्हा मी पास झाले असं धरायला हरकत नाही.

टॉकीजचे मालक नरसिंहराव. राजाजीनगर तेव्हा नुकतं वसत होतं. कारखान्यात कामाला जाणाऱ्यांची नवी बैठी घरं, मधे मोकळे प्लॉट, प्लॉटात चरणारी गुरं. माणसांना घरं मिळाली, आता त्यांना संध्याकाळी जायला एक जागा हवी, असा नरसिंहरावांचा हिशोब होता आणि तो खरा ठरला. पहिल्या आठवड्यात माझ्यावर इतकी माणसं बसली की माझं व्हार्निश वाळायलासुद्धा सवड मिळाली नाही.

माणसांच्या सवयी मी तिथं शिकले. आधी येऊन शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकायचा आणि कुणी विचारलं की तिथं माणूस बसलेला आहे अशा थाटात बोलायचं. शेंगांची टरफलं समोरच्याच्या पायाशी टाकायची. रडू आलं की घाम पुसल्यासारखं करायचं. पहिल्या दिवशी एक बाई माझ्यावर बसून हुंदके देऊन रडली, तेव्हा मी घाबरले होते. मग संध्याकाळच्या खेळाला त्याच जागी दुसरी बाई रडली, रात्री तिसरी. शंभर दिवस, दिवसाला तीन खेळ, रडणं बरोबर मध्यंतरानंतर दहा मिनिटांनी. पुढं पुढं मला ते पंख्याच्या आवाजासारखं झालं. असलं काय आणि नसलं काय.

असं आठ वर्षं चाललं. एकसष्ट साली रघुपती आले.

रघुपती तार ऑफिसात कारकून. तेही विठोजींसारखेच इथल्या जुन्या मराठी घराण्यातले. अंगाने किडकिडीत, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग, आणि सिनेमाचं वेड असं की बायकोनंही त्यावर बोलणं सोडून दिलेलं. त्यांना आणि त्यांच्या चार मित्रांना निराळे सिनेमे दाखवायचे होते. ज्यांच्यामागं स्टुडिओ नाही, ज्यांत नावाजलेला नट नाही, जे कुणी एकट्यादुकट्यानं घरचं घालून, सुट्ट्या काढून बनवलेत, असे. ते कुठल्या टॉकीजला लागत नाहीत आणि म्हणून कुणाला दिसत नाहीत, हे रघुपतींचं दुःख होतं. रविवारी सकाळी टॉकीज रिकामीच असते, तेवढा वेळ आम्हाला द्या, असं त्यांनी नरसिंहरावांना विनवलं. तिकीट लावायचं तर परवाना आणि करमणूक कर मागं लागणार, म्हणून तिकीट नाहीच. नरसिंहरावांनी एकच अट घातली. वीस माणसं तरी आली पाहिजेत. रिकाम्या हॉलचे दिवे बघून त्यांना धडधडायचं.

अशा रीतीनं फुकट खेळ सुरू झाले. दारात फळा लावलेला असे, कन्नड आणि इंग्रजीत: सर्वांना मोकळा प्रवेश. टॉकीजचं मोठं यंत्र त्या रिळांना चालत नसे. रघुपती स्वतःचं छोटं यंत्र आणून आमच्या रांगेलगत टेबलावर मांडत. त्याचा उजेड लांब पोचायचा नाही, त्यामुळे तेवढ्या मोठ्या पडद्याच्या मधोमध पंच्याएवढं चित्र पडे आणि सगळी माणसं पुढच्या रांगांत गोळा होत. यंत्राची घरघर सबंध खेळभर कानाशी.

आणि त्या सिनेमांत काय असायचं? एक माणूस चालायला लागला की तो चालतच राहायचा. दहा मिनिटं, वीस मिनिटं. कुणी गात नाही, कुणी कुणाला मारत नाही. म्हातारी दळते आहे तर दळतेच आहे. मला पहिल्यांदा वाटलं रीळ अडकलं. खेळ संपल्यावर रघुपती पुढं उभे राहून प्रत्येकाला विचारत, काय वाटलं? त्यावर एक निवृत्त मास्तर दर वेळी म्हणत की विचार करायला हवा, आणि उरलेले चपला शोधायला लागत. पण वीस माणसं यायची. कधी बावीस.

कस्तुराबाई आल्या त्या त्रेसष्टच्या जुलैत.

त्या बेळगावच्या शहापुरातल्या. नवरा यल्लाप्पा हातमागावरचा विणकर. मागावर बसले असताना आडवा धागा नेणारा धोटा उडून त्यांच्या डाव्या डोळ्याला लागला. तो डोळा गेला तो गेलाच, पण दोन महिन्यांनी चांगला उजवाही अंधुक व्हायला लागला. एक डोळा गेला की कधी कधी दुसराही त्याच्यामागोमाग जातो म्हणे. बेळगावच्या डॉक्टरांनी बंगळूरला पाठवलं. इथं मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या, आणि हलायचं नाही म्हणून सांगितलं. कस्तुराबाई राजाजीनगरात मामेबहिणीकडे उतरल्या होत्या. तिचा एका खोलीचा संसार. रविवारी बहिणीचं सगळं घर घरात, आणि वॉर्डात दुपारी बारापर्यंत नातेवाइकांना सोडत नसत. तेवढा वेळ बाईंना जायला जागा नव्हती. रस्त्यानं चालता चालता त्यांना उघडं दार दिसलं, आत माणसं जाताना दिसली आणि कुणी कुणाला अडवताना दिसलं नाही.

हे सगळं मला त्या दिवशी कळलं नाही. पुढं थोडं थोडं कळत गेलं. त्या दिवशी फक्त एवढं कळलं की आलेली बाई अनवाणी आहे.

बाईंना अक्षरओळख नव्हती, फळा त्यांनी वाचला नाही. जिथं काही न घेता कुणालाही आत घेतात ती जागा म्हणजे मठ नाहीतर देऊळ, असं त्यांनी धरलं आणि वहाणा पायऱ्यांशी काढून ठेवल्या. आत शिरताना उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला. रघुपती धावत गेले. म्हणाले, अक्का, चप्पल घालून या, इथं चालतं. बाईंनी पडद्याकडे बघितलं, खुर्च्यांकडे बघितलं, आपलं चुकलं हे त्यांना समजलं असावं. पण म्हणाल्या, असू दे. आणि येऊन माझ्यावर बसल्या.

माणूस कसा बसतो त्यावरून मला पुष्कळ कळतं. बाई टोकावर बसल्या. पाठ माझ्या पाठीला लागू दिली नाही. पायाची बोटं फरशीला रोवलेली. आणि दिवे गेल्याबरोबर त्यांनी डोळे मिटून घेतले. झोपल्या नव्हत्या, झोपलेल्या माणसाचं वजन निराळं असतं. दीड तास त्या तशाच बसल्या होत्या. पडद्यावर कुणीतरी विहीर खणत होतं. दिवे लागले तेव्हा त्या उठल्या आणि माझी दुमडती बैठक खटकन वर गेली.

पुढच्या रविवारी पुन्हा आल्या. पुन्हा वहाणा बाहेर. या वेळी त्यांचं बघून आणखी दोघी-तिघींनी काढल्या होत्या, त्यामुळे पायऱ्यांशी खरंच देवळासारखा ढीग झाला. बाहेर पडल्या तेव्हा त्यांच्या वहाणा नव्हत्या. कुणाच्या तरी पायांतून गेल्या. रघुपतींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. फुकट खेळात वहाणा गेल्या, ही गोष्ट राजाजीनगरात पसरली तर उद्या कोण येणार? त्यांनी बाईंना आपल्या चपला देऊ केल्या. बाई नको म्हणाल्या आणि तशाच अनवाणी दवाखान्यात चालत गेल्या.

त्या वहाणा कोल्हापुरी होत्या, करकर वाजणाऱ्या. वॉर्डात यल्लाप्पा त्या आवाजावरून बायको आली हे ओळखत. त्या दिवशी आवाज न होता ती उशाशी येऊन उभी राहिली आणि त्यांनी विचारलं, वहाणा कुठं? बाईंना खोटं सुचलं नाही. सिनेमाला गेले होते, तिथं गेल्या, म्हणून सांगून टाकलं. नवरा डोळ्यांवर पट्ट्या बांधून पडलेला आणि बायको सिनेमाला! पण यल्लाप्पा रागावले नाहीत. दहा दिवस काळोखात पडून माणूस कंटाळलं होतं. त्यांनी विचारलं, काय होतं सिनेमात?

बाईंनी तर काहीच बघितलं नव्हतं. मग त्यांनी मनानंच सांगितलं, की एक माणूस आहे, तो आपल्या गावाकडं चालत निघालाय.

तिसऱ्या रविवारी खेळ संपल्यावर रघुपती त्यांच्याजवळ आले. आधी वहाणांचा तपास लागला नाही म्हणून माफी मागितली, मग सवयीनं विचारलं, सिनेमा कसा वाटला? बाई म्हणाल्या, मी बघत नाही अण्णा, मी नुसती बसायला येते. आणि मग त्यांनी एका दमात सगळं सांगितलं. आवाज असा, की बाजारातून काय आणलं ते सांगताहेत. डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात त्यांना बाजूला बोलावून सांगितलं होतं, दोन्ही डोळे गेले, आता काही होणार नाही. नवऱ्याला तुम्ही सांगता की मी सांगू? बाई म्हणाल्या होत्या, मी सांगते. आणि अजून सांगितलं नव्हतं. रोज सांगायचं ठरवून जात होत्या. उशाशी बसल्यावर यल्लाप्पा विचारत, पट्टी कधी सुटणार, घरी माग उघडाच ठेवून आलोय, आणि बाई सांगायचं उद्यावर टाकत. आता त्याऐवजी ते विचारतात, तो माणूस कुठवर पोचला? तेवढं सांगता येतं. म्हणून रविवारी इथं यायचं. आलं नाही तर सिनेमा कुठला सांगणार?

ही गोष्ट त्यांनी डोळ्याला पदर न लावता सांगितली.  रघुपती एवढंच म्हणाले, "अक्का, स्वल्प कॉफी घ्या."

मला वाईट वाटलं असं इथं म्हणायला हवं. पण मला तेव्हा काही वाटलं नाही. इतकी वर्षं माझ्यावर बसून माणसं पडद्यावरच्या खोट्या दुःखाला खरी रडली होती, आणि ही बाई खरं दुःख घेऊन बसली होती ती कोरडी. मला त्यातलं कुठलं धरायचं ते कळेना.

रघुपतींनी सुचवलं, मी तुम्हाला दर वेळी खरा सिनेमा समजावून सांगतो, तो त्यांना सांगा. बाई नको म्हणाल्या. त्यांना आमच्याकडचंच सांगितलेलं आवडतं. त्यात खानापूरचा रस्ता असतो, मलप्रभेचा उतार असतो, त्यांना ओळखीचं वाटतं. रघुपतींचा चेहरा जरा पडला. त्यांच्या सिनेमांवर लोक नाना तऱ्हांनी नाराज होत आले होते, पण न बघता नापसंत करणारी बाई पहिलीच.

चौथा रविवार, पाचवा रविवार. बाई येत, डोळे मिटून बसत. बाहेर पाऊस असला तर लुगड्याचा ओला काठ माझ्या पायाला लागे. एव्हाना त्यांची पाठ माझ्या पाठीला टेकायला लागली होती. त्यांच्या सिनेमातला माणूस तीन आठवडे चालूनही गावात पोचला नव्हता. यल्लाप्पा म्हणत, असला कसला लांबलचक सिनेमा? बाई म्हणत, इथले असेच असतात. तेवढं मात्र खरं होतं. तो माणूस गावात पोचला की सिनेमा संपणार, आणि सिनेमा संपला की दुसरं बोलावं लागणार. म्हणून बाई त्याला कधी नदीला पूर आणून थांबवत, कधी एखाद्या झाडाखाली झोपवून ठेवत.

सहाव्या रविवारी त्या नवऱ्याला घेऊन आल्या.

आदल्या दिवशी दवाखान्यातून सोडलं होतं. त्याच रविवारी रात्री बेळगावची गाडी होती. पट्ट्या खरं तर दवाखान्यातच काढायच्या होत्या, पण बाईंनी तिथल्या नर्सबाईंना हात जोडून सांगितलं होतं की राहू द्या, घरी जाऊन काढते. यल्लाप्पांना सांगितलं होतं की आठ दिवसांनी सुटणार. ते खुशीत होते. जायच्या आधी त्या माणसाचं काय होतं ते आपण स्वतः तिथं बसून ऐकणार, असा त्यांनी हट्ट धरला होता.

बाईंनी त्यांना माझ्यावर बसवलं आणि स्वतः शेजारच्या खुर्चीवर बसल्या. यल्लाप्पा चांगले भरदार गृहस्थ, माझ्यावर ऐसपैस टेकून बसले. माझ्या हातावरून त्यांनी बोटं फिरवली, सांध्यापाशी थांबवली, नखानं चाचपून बघितलं आणि म्हणाले, लाकूड बरं आहे. मला कुणी असं कधी म्हटलं नव्हतं.

रघुपतींनी पुढं उभं राहून सांगितलं, की आजचा सिनेमा मंगळूरकडच्या एका शाळामास्तरांनी काढलेला आहे, सुट्ट्यांत, तीन वर्षं लागली, आणि त्यात बोलणं नाही. मग दिवे गेले आणि यंत्राची घरघर सुरू झाली. त्याबरोबर यल्लाप्पांचे पाय हलायला लागले. उजवा खाली, डावा खाली. मागावरच्या पावड्या दाबतात तसे, अगदी घरघरीच्या तालात. त्यांना ते कळतही नसावं.

"सुरू झालं न्हवं?" ते हळूच म्हणाले. "कुठवर आलाय?"

"तळ्यापाशी आलाय," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे मिटलेले होते. "कडंला पिंपळ हाय. आता पाणी पितोय."

पडद्यावर एक बाई नदीकाठी उतारावर येऊन बसत होती. तळं नव्हतं, पिंपळ नव्हता, पुरुषमाणूस तर औषधालाही नव्हता. रघुपती यंत्राजवळ उभे होते, हात-दीड हातावर. त्यांना सगळं ऐकू येत होतं. मागून कुणीतरी शुक् शुक् केलं, त्याला त्यांनी हातानंच गप्प केलं. बाई सांगत राहिल्या. माणूस उठला, बांधावरून निघाला, वाटेत ओळखीचा कासार भेटला, त्यानं गावची खुशाली सांगितली. यल्लाप्पांचे पाय चालत होते. मधेच हसून ते हुंकार देत होते.

आणि रीळ तुटलं. हे वरचेवर व्हायचं. पडदा क्षणभर पांढरा झाला, रघुपतींनी यंत्र बंद केलं आणि दिवे लावले. माणसांनी आळस दिले. बाईंना यातलं काहीच कळलं नाही. त्या डोळे मिटून सांगतच होत्या, की आता गाव दिसायला लागलंय, धूर दिसतोय, पण वाटेत ओढा लागला.

यल्लाप्पांचे पाय थांबले होते.

"कस्तुरे," ते म्हणाले. "यंत्र थांबलंय."

बाईंचं सांगणं ओढ्यापाशीच तुटलं.

"माग थांबल्यावर कापड पुढं सरकत न्हाई. तू काय बघून सांगूलालीस?"

बाईंनी डोळे उघडले. सगळा हॉल उजेडात होता. पुढच्या रांगेतले निवृत्त मास्तर मान न वळवता ताठ बसले होते.

"काय न्हाई," त्या म्हणाल्या. "मी कवाच काय बघितलं न्हाई. डोळं मिटून बसत होते."

यल्लाप्पांनी ते ऐकून घेतलं. धागा तुटल्यावर विणकर टोकं शोधतो, तेवढा वेळ त्यांनी घेतला असेल. मग विचारलं, "आणि पट्टी आट दिसांनी सुटणार म्हणालीस, ते?"

"ते बी तसंच."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"कवा कळलं तुला?"

"पैल्या आटवड्यात."

रघुपतींच्या हातात रिळाची दोन टोकं होती. ते काम मिनिटाचं होतं, पण ते मान खाली घालून तशीच टोकं धरून राहिले. 

"म्हंजे सा आयतवार तू एकटीच," यल्लाप्पा म्हणाले. त्यांचं सगळं वजन माझ्यावर आलं. माणूस बसलेला असतानाही वजन वाढतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. मला वाईट वाटलं. तेव्हा मात्र वाटलं. मला हात असून मी ते उचलू शकत नाही याचं वाईट वाटलं.

मग त्यांनी दोन्ही हात डोक्यामागं नेले. गाठ घट्ट होती, पण जन्मभर सुताच्या गाठी सोडवलेली बोटं ती. पट्टी सुटली, कापसाच्या दोन घड्या मांडीवर पडल्या. त्यांनी पट्टीची नीट गुंडाळी केली आणि बायकोच्या हातात दिली. तिनं ती कमरेला खोचली. त्यांचे डोळे उघडे होते आणि ते समोर बघत होते.

रघुपतींनी दिवे घालवले. यंत्र सुरू झालं.

"चाललं," यल्लाप्पा म्हणाले. "आता दिसतंय ते सांग."

बाईंनी मान वर केली. सहा रविवारांत पहिल्यांदा त्यांनी पडद्यावरचं चित्र बघितलं.

"एक बाई हाय," त्या म्हणाल्या. "नदीच्या कडंला बसलीया."

"काय करूलालीया?"

"काय न्हाई. नावंची वाट बघतीया."

"नाव दिसती?"

बाईंनी बघितलं. बराच वेळ बघितलं. "न्हाई."

"बरं," यल्लाप्पा म्हणाले. "आली की सांग."

नाव आली ती अगदी शेवटी, लांबवर, ठिपक्याएवढी. तोवर बाई सांगत होत्या. पाणी कसं आहे, बाईनं पदर कसा घेतलाय, आता एक कुत्रं आलं, आता गेलं. शेवटी त्यांचा आवाज घोगरा झाला. पहिल्यांदा त्यांना रडू आलं असावं, पण त्या थांबल्या नाहीत आणि यल्लाप्पांनीही थांबवलं नाही. त्या दिवशी खेळ संपल्यावर रघुपतींनी कुणाला काही विचारलं नाही.

त्या दोघांचं पुढं काय झालं मला ठाऊक नाही. खुर्चीला कुणाच्या मागोमाग जाता येत नाही. रघुपतींना पत्र आलं असेल तर त्यांनी ते माझ्यासमोर वाचलं नाही. फुकट खेळ आणखी तीन वर्षं चालले. मग रघुपतींची बदली झाली, वीस माणसांची बारा झाली, आणि नरसिंहरावांनी दिवे मालवले. यंदा, अडुसष्ट साली, टॉकीजमध्ये गादीच्या खुर्च्या आल्या. आम्हाला दोन-दोन, तीन-तीन असं तोडून विकलं. मी आणि माझ्या शेजारची, एकाच हातानं जोडलेल्या, येलहंक्याला एका होमिओपॅथी डॉक्टरांकडे आलो. पेशंट बसतात त्या पडवीत.

इथं पडदा नाही. समोर पांढरी भिंत आहे आणि तिच्यावर काही नाही. माणसं येतात, माझ्यावर टोकावर बसतात, त्या भिंतीकडे बघत राहतात. पुष्कळांना आत डॉक्टर काय सांगणार हे आधीच माहीत असतं. शेजारी घरचं माणूस असतं, त्यालाही माहीत असतं, आणि दोघं हवापाण्याचं बोलतात. मला आता पुन्हा फारसं काही वाटत नाही. व्हार्निश गेलंय, कुणाची ओली छत्री लागली की मी रंग सोडते.

तुम्ही कधी इकडं आलात तर बसा. सावकाश बसा, पाठ टेकून बसा. काही बघितलंच पाहिजे असं नाही, डोळे मिटलेत तरी मी कुणाला सांगायला जाणार नाही. फक्त शेजारच्यानं विचारलं, काय दिसतंय, तर डोळे उघडा आणि भिंत असेल तर भिंत म्हणून सांगा.